कक्षप्रमुखांचा शिक्का

आमच्या कॉलेजात ज्या दिवशी कुणी माईकवरून ‘मानसिक आरोग्य’ म्हणतं, त्या दिवशी मी डबा माझ्या खोलीतच खाते. स्टाफरूममध्ये गेले की कुणाला तरी लागेल असं बोलून बसते, आणि मग आठवडाभर लोक मला टाळतात. दरवर्षी आमच्याकडे त्याचा सप्ताह असतो. फुगे, रांगोळी स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, ‘बोला, मोकळे व्हा’ असं लिहिलेली थर्माकोलची चौकट आणि त्या चौकटीत तोंड घालून फोटो काढून घेणारे प्राध्यापक. हेच प्राध्यापक भर वर्गात पोराला सांगतात, “तुझ्यासारख्यानं इथं यायचंच नसतं.” मोकळे व्हा म्हणे!

या इंजिनिअरिंग कॉलेजात मी सात वर्षं समुपदेशक आहे. राहते शनिवार पेठेत, स्वारगेटला बस बदलते आणि शहराच्या दक्षिण टोकाला उतरते. तिथं काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी होती, आता ओळीनं मुलींची पीजी आहेत. मला दिलेली खोली पूर्वी झेरॉक्सवाल्याची होती. दारावर मोठा बोर्ड होता, ‘समुपदेशन कक्ष’, शेजारी माणसाच्या डोक्याचं चित्र आणि डोक्यात दोन दातेरी चाकं. समोर कँटीनची रांग. म्हणजे आत जाणाऱ्याला निदान चाळीस जणांनी बघावं अशी चोख व्यवस्था. पहिल्या सत्रात माझ्याकडे एकही मूल आलं नाही. एक आला होता, पण त्याला झेरॉक्स हवी होती.

मग मी तो बोर्ड काढून कपाटामागे टाकला. खोलीला मागच्या बाजूनं एक दार होतं, ते ग्रंथालयाच्या जुन्या मासिकांच्या कोपऱ्यात उघडायचं. ग्रंथपालांना विचारलं, इथून मुलं आली तर चालेल का? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “मासिकं वाचायला तर कुणी येत नाही. यांना तरी येऊ द्या.” एवढंच. पुण्यात याला परवानगी म्हणतात, आणि ती मला पुरली. दुसऱ्या सत्रापासून मुलं येऊ लागली.

पण हजेरीचं काय? आमच्याकडे पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. कमी भरली की ‘डिफॉल्टर लिस्ट’मध्ये नाव. ही यादी नोटीस बोर्डावर नावासकट लावतात, मुलं तिच्यासमोर उभी राहून एकमेकांची नावं मोठ्यानं वाचतात, आणि शेवटपर्यंत भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष जातं. माझ्याकडे यायचं तर तास बुडणार. ज्याला वर्गात बसून गुदमरायला होतंय त्यानं वर्गात बसूनच माझ्याकडे यावं, अशी अपेक्षा असावी. यावरही तोडगा ग्रंथपालांनीच काढला. माझ्याकडे आलेल्या मुलाला ते आपल्या सहीची चिठ्ठी द्यायचे, ‘सदर विद्यार्थी संदर्भग्रंथांच्या कामासाठी ग्रंथालयात होता.’ ही चिठ्ठी दाखवली की तास मिळायचा. खोटं होतं का? होतं. सहा वर्षं आम्ही दोघं मिळून हे खोटं बोललो आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

माझ्याकडे नोंदवही नव्हती. नावं माझ्या डोक्यात, टिपणं एका डायरीत, तीही माझ्या घरी. प्राचार्यांना हे मुळीच आवडायचं नाही. गृहस्थ हुशार, इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड. दर बैठकीत विचारायचे, “मॅडम, पुरावा काय?” कशाचा पुरावा? मूल रडलं त्याचा? एकदा त्यांनी समुपदेशन चालू असतानाचा फोटो मागितला, त्यात तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलेलं हवं. मी त्यांना माझ्या रिकाम्या खुर्चीचा फोटो पाठवला. त्यावर त्यांनी नमस्काराचं चित्र पाठवलं.

ती मुलगी आली ती अशा दिवसांत. दुसऱ्या वर्षाची, कॉम्प्युटरची, तिकडची, वाशीमच्या बाजूची समजा. मासिकांच्या कोपऱ्यात तीन दिवस येऊन बसत होती, असं मला ग्रंथपालांनी सांगितलं. चौथ्या दिवशी दार वाजलं. आत आली, खुर्चीच्या कडेला टेकली आणि इतकं हळू बोलली की मला पंखा बंद करावा लागला.

तोंडी परीक्षेत सरांनी तिला काहीतरी विचारलं होतं. तिला उत्तर येत होतं, म्हणून ती पटकन म्हणाली, “हाव सर.” सर हसले. म्हणाले, “हाव? हे कोणत्या लँग्वेजमध्ये?” मग सगळी बॅच हसली. पुढचे चार दिवस वर्गात कुणीही काही विचारलं की मागून आवाज यायचा, “हाव सर!” एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण तिनं बोलणं बंद केलं, मग वर्गात शिरताना छाती धडधडायला लागली, हात गार पडायला लागले, आणि एकदा लॅबच्या दाराशी तिला वाटलं की आपण आता मरणार. तेव्हापासून ती दारापर्यंत जायची आणि परत फिरायची.

“एवढ्याशा गोष्टीवरून?” असं तिनंच मला विचारलं. “मले काहून असं होते मॅडम? बाकीच्या पोरींले तर नाही होत.”

मी जन्मानं पेठेतली. ‘आम्हीच तेवढं शुद्ध बोलतो’ हा माज माझ्या आसपास मी लहानपणापासून ऐकलाय, लहानपणी मीही केलाय. त्या सरांचं हसणं मला नीट कळलं. म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला. जाऊन त्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण मग कुणाबद्दल बोलतेय ते कळलं असतं. म्हणून गप्प बसले.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “बाबाले तर नाही ना सांगणार?”

मी सांगितलं, इथलं इथंच राहतं. तुझ्या जिवालाच धोका आहे असं मला वाटलं तर मी सांगेन, पण तेही आधी तुला सांगून. तसं काही होतं का, हे मी तिला सरळ विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. नव्हतं. तिला जगायचं होतं, शिकायचं होतं, पुण्यातच राहायचं होतं. भीती होती ती वर्गाच्या दाराची.

आणि दुसरी भीती घरची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पोरगी एकटी पुण्याला पाठवायची यावर घरात काकांनी मोठा तमाशा केला होता. वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “पाठवणार. काही कमीजास्त झालं तर मी स्वतः जाऊन घेऊन येईन.” त्या एका वाक्यावर ती पुण्यात होती. वडिलांना काही कळलं की ते वाक्य त्यांना पाळावं लागणार, आणि एकदा का ती परत गेली की काका तिला पुन्हा निघू देणार नाहीत. तिनं हे असं नीट, एखादं गणित सोडवल्यासारखं मला समजावून सांगितलं. “बाबा वाईट नाहीत मॅडम,” म्हणाली. “पण ते घाबरतात.”

आम्ही सहा आठवडे बसलो. रोज थोडं थोडं. आधी रिकाम्या वर्गात जाऊन बसायचं. मग दाराजवळच्या बाकावर. मग एका तासाला. मग लॅब. पाचव्या आठवड्यात ती लॅबमध्ये पूर्ण दोन तास बसून आली आणि मला म्हणाली, “आज फक्त एकदा बाहेर यावं वाटलं. पण नाही आली.” मी तिला कडकडीत टाळी दिली. माझ्या नोकरीत टाळी द्यावी असं फार वेळा घडत नाही.

पण तोवर तिचे तास बुडाले होते. हजेरी साठच्या घरात. डिफॉल्टर लिस्टमध्ये तिचं नाव येणार हे दिसत होतं, आणि त्या यादीतल्या मुलांच्या पालकांना कॉलेजात बोलावतात.

नेहमीसारखी ग्रंथपालांची चिठ्ठी दिली असती तर झालं असतं. पण नेमकी तेव्हाच कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. ही समिती येणार म्हटलं की कॉलेजात लग्नघर होतं. भिंती रंगवतात, बंद पडलेले नळ दुरुस्त होतात, न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहून निघतात. हजेरीचा सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर गेला आणि ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

प्राचार्यांनी मला बोलावलं. मी भांडायच्या तयारीनंच गेले. तीन वर्षं मी एकच मागणी करत होते, की समुपदेशनाला दिलेला तास हजेरीत धरा. अर्ज दिले, बैठकीत आवाज चढवला, एकदा रागानं उठून निघून आले. त्या दिवशी प्राचार्य हसून म्हणाले, “मॅडम, तुमची मागणी मान्य. तुमच्या सहीशिक्क्याचा कागद आला की तास दिला जाईल. समितीलाही दिसलं पाहिजे ना, आपण विद्यार्थ्यांची किती काळजी घेतो.” आणि एक छोटी डबी पुढे केली. आत शिक्का. ‘प्रमुख, समुपदेशन व विद्यार्थी स्वास्थ्य कक्ष.’ प्रमुख! कक्षात माणूस एकच, मी. म्हणजे मी माझीच प्रमुख.

तीन वर्षं अडलेली गोष्ट दोन मिनिटांत होते तेव्हा माणसानं कान टवकारावेत. माझं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. खोलीत येऊन मी रद्दी कागदावर तो शिक्का चार वेळा उठवून पाहिला. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, मी आता प्रमुख झाले. तो म्हणाला, “बरं. गॅस बंद केलास का, प्रमुख?” तरीही मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीला तिच्या बुडालेल्या तासांचा कागद करून दिला. सगळ्या तारखा, सगळे तास, खाली सही, सहीवर शिक्का. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला.

“मॅडम, याच्यानं काही प्रॉब्लेम तर नाही ना होणार?”

“कसला प्रॉब्लेम? माझा शिक्का आहे,” मी म्हणाले. “बिनधास्त दे ऑफिसात.”

हे वाक्य मी म्हणाले होते. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कँटीनकडच्या दारानं आली. मासिकांच्या कोपऱ्यातून नाही, सगळ्यांसमोरून. बोलली नाही, फोन माझ्यापुढे धरला. तिच्या वडिलांनी तिला पुढे पाठवलेला कॉलेजचा संदेश होता. आपली पाल्य पुढील तारखांना तासिकांना अनुपस्थित, आणि शेवटी, कारण: मानसिक समुपदेशन. खाली वडिलांचे अकरा कॉल येऊन गेलेले. आणि एक ओळ, ‘बेटा मी निघालो, उद्या पोचतो.’

मी तिला म्हणाले, बस, मी बघते. आणि तणतणत ऑफिसात गेले. हजेरीचं काम बघणारा क्लार्क कॉलेजच्याच भागातला, त्याच्या घरची शेतं कॉलेजच्या जागेत गेलेली. सरळ माणूस. त्याच्यावर मी इतक्या जोरात ओरडले की फीच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली.

“मॅडम, माझ्याव कशाला वरडताय?” तो म्हणाला. “शिस्टीमला कारण टाकावंच लागतंय. त्याबिगर फुडं जातच नाय. तुमच्या शिक्क्याव जे हाय तेच टाकलं म्या.”

“आणि पालकांना मेसेज?”

“कारण टाकलं की त्यो आपोआप जातोय. पयल्यापासनं हाय की. तुमी इचारलं नाय.”

खरंच मी विचारलं नव्हतं. तीन वर्षं घसा कोरडा करून भांडले, आणि मिळाल्यावर एक साधा प्रश्न विचारला नाही, की हा कागद पुढे कुठं जातो? ग्रंथपालांच्या खोट्या चिठ्ठीनं सहा वर्षं एकाही मुलाला धक्का लागला नव्हता. माझ्या खऱ्या शिक्क्यानं तीन दिवसांत पोरीला घरच्यांपुढे उघडं पाडलं. मी क्लार्कची माफी मागितली. तो म्हणाला, “ऱ्हाऊंद्या मॅडम, चहा घेता का?” मला त्याचाही राग आला.

तिथून प्राचार्यांकडे. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आणि त्यांचा चेहरा चक्क प्रसन्न होता.

“पालक येतायत हे उत्तमच झालं,” ते म्हणाले. “पालकांच्या ताब्यात देऊ. समिती तोंडावर आहे, मला कॅम्पसमध्ये एकही रिस्क नको.”

“ती रिस्क नाहीये सर, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. आणि बरी होतेय.”

“मी कुठं नाही म्हणतोय? घरी होऊ दे ना बरी. तुम्ही फक्त एक पत्र द्या, घरच्या वातावरणात विश्रांतीची गरज आहे म्हणून.”

“नाही देणार.”

“मग उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, मॅडम?”

ते मी ऐकूनही घेतलं नाही. मी म्हणाले, ज्या माणसानं हसून तिला या अवस्थेत आणलं त्याला बोलवा आणि त्याला विचारा जबाबदारी कुणाची! ते म्हणाले, कोण तो? आणि मला गप्प बसावं लागलं, कारण तिनं ते नाव फक्त मला सांगितलं होतं. मी दार आपटून बाहेर आले. दार आपटायला मला छान जमतं.

परत खोलीत गेले तर मुलगी तशीच बसलेली. मी तिची माफी मागितली. चूक माझी आहे, असं स्पष्ट सांगितलं. तिनं मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, “उद्या बाबा तुम्हाला विचारतील. बाकी काही सांगू नका. ती बरी आहे, तिला राहू द्या, एवढंच सांगा. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. ते शिकलेल्या माणसाचं ऐकतात.”

“सांगते,” मी म्हणाले.

वडील दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आले. मी मनात एक तापट, मिशीवाला बाप तयार करून ठेवला होता आणि त्याच्याशी रात्रभर भांडले होते. आले ते एक बारीक, थकलेले गृहस्थ. खिशाला दोन पेनं, प्रवासात चुरगळलेला सदरा तसाच नीट खोचलेला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्यांना तीनदा बसा म्हणावं लागलं, तेव्हा बसले. मुलीकडे बघून त्यांनी विचारलं ते एवढंच, “जेवते का तू?” ती म्हणाली, “हाव बाबा.”

प्राचार्य वीस मिनिटं बोलले. शब्द सगळे आमच्या त्या सप्ताहातल्या पोस्टरवरचे. काळजी, संवेदनशीलता, सुरक्षित वातावरण, कुटुंबाचा आधार. आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच, घेऊन जा. पुढ्यात ‘मुलीला माझ्या जबाबदारीवर घरी नेत आहे’ असं हमीपत्र टाइप करून तयार होतं. मी मधे दोनदा बोलायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. वडिलांनी हमीपत्र हातात घेतलं, सवयीनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही न करता खाली ठेवलं. मग ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, साहेबांचं बरोबर असंन. पण पोरगी म्हणते, तुमच्याजवळ तिनं सगळं सांगितलं. मले तर तिनं काही सांगितलं नाही.” हमीपत्र त्यांनी जरा बाजूला सारलं. “तुम्ही याच्यातल्या शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा, ठेवू का नेऊ? तुम्ही म्हटलं तर मी ठेवतो. घरी काय बोलतील ते मी बघतो. फक्त तुम्ही जबाबदारी घ्या. घेता का?”

मुलगी माझ्याकडे बघत होती.

दोन शब्द होते. ठेवा, घेते. मला माहीत होतं की ती बरी होतेय. कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं. सहा आठवडे मी रोज ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं? उद्या खरंच काही झालं तर. प्राचार्य या वाक्याची नोंद ठेवतील. चौकशी होईल. माझ्याकडे नोंदवही नाही. प्रमुख म्हणून सही माझी. पेपरात नाव येईल. हे सगळं एका श्वासात आलं, आणि त्यात ती मुलगी कुठंच नव्हती. सगळी मीच होते.

“हे बघा,” मी म्हणाले, “जबाबदारी अशी कुणालाच पूर्णपणे घेता येत नाही. प्रगती चांगली आहे. पण निर्णय शेवटी पालकांचा...”

माझा स्वतःचा आवाज ऐकून मी मधेच थांबले. तो प्राचार्यांचा आवाज होता. तेच गोड, तेच गुळगुळीत. प्राचार्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी उठली. “चला बाबा,” म्हणाली.

मी म्हणाले, “अगं थांब, मला म्हणायचं होतं...” पण वडिलांनी पेन काढलं होतं. त्यांनी सही केली, अगदी वळणदार. प्राचार्यांना नमस्कार केला, मला केला, आणि दोघं गेले. मी खुर्चीत बसून राहिले. उठून त्यांच्या मागे जायला हवं होतं. फाटकापर्यंत दोन मिनिटांचं अंतर आहे. मी गेले नाही, कारण गेले असते तर तो प्रश्न पुन्हा विचारला गेला असता.

समिती आली, माझ्या खोलीत चार मिनिटं थांबली, ‘छान उपक्रम’ म्हणाली, पुढे गेली. मी त्याआधीच हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून ‘कारण’ हा रकाना पालकांना जाऊ नये म्हणून लेखी भांडले, आणि समितीच्या धाकानं ते झालंही. आता संदेशात फक्त ‘कॉलेजच्या कामासाठी’ असं जातं. लोक म्हणतात, मॅडमनी लढून बदल घडवला. कुणी असं म्हटलं की मी तिथून उठते. बाकीच्या मुलांचं भलं झालं असेल. तिचं नाही झालं. तिनं कॉलेज सोडलं. तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला नाव घातलं, असं ऑफिसातून कळलं.

मी फोन करायला दीड महिना लावला. रोज नंबर काढायचे, रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका रविवारी दुपारी केला. वडिलांनी उचलला. ओळख सांगितल्यावर एकदम अदबीनं बोलायला लागले. पोरगी चांगली आहे, जेवते, कॉलेजला जाते, तुमचे उपकार आहेत. उपकार! मला फोन ठेवून द्यावासा वाटला. मग त्यांनी तिला बोलावलं.

ती आली. हाय-हॅलो झालं. अभ्यास काय, मैत्रिणी झाल्या का, धडधड होते का. होते, म्हणाली, पण कमी, इथं सगळे माझ्यासारखंच बोलतात.

“मॅडम, एक विचारू? राग नका मानू.”

“विचार ना.”

“त्या दिवशी तुम्ही घाबरल्या होत्या का?”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. धंदाच तो माझा. मर्यादा, नियम, व्यावसायिक जबाबदारी, कितीतरी. तोंडाशी आली सगळी.

“हो,” मी म्हणाले. “घाबरले. माझ्या नोकरीला घाबरले.”

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

“मले वाटलं, मी खरंच तेवढी खराब आहे,” ती म्हणाली. “तुमाले माझ्याबद्दल सगळं मालूम होतं ना. तरी तुम्ही ‘घेते’ नाही म्हणाल्या. तर मले वाटलं, मॅडमले काहीतरी दिसलं असंन, मले सांगत नसतीन.”

दीड महिना. दीड महिना ती पोरगी हे मनात घेऊन त्या घरात, त्या काकांसमोर बसली होती. आणि मी नंबर काढून ठेवून देत होते.

“नाही गं,” मी म्हणाले. “तुला काही नव्हतं झालेलं. तू छान सुधारत होतीस. तू राहू शकली असतीस. माझंच चुकलं.”

मागे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“हे तेव्हा बाबासमोर सांगाचं होतं ना मॅडम,” ती म्हणाली, आणि फोन बाबांकडे दिला.